म्योंगतेची नावं

तापलेल्या फरशीवर पाय पसरून बसलो होतो आम्ही
योंगदे-रीच्या म्हाताऱ्यांच्या खोलीत. बाहेर उणे चौदा.
नात सोल्बी फोन पुढे धरून म्हणाली,
आजी, साठ प्रश्न आहेत, शेवटी चार अक्षरं मिळतात.
ती अक्षरं म्हणजे तू.

मला सवय आहे याची.
सासूने आधी जन्मसाल विचारलं होतं.
बैलाचं निघालं. म्हणाली, बरं झालं, राबेल.
पन्नाशीत सगळे रक्तगट विचारायला लागले.
माझा ए. म्हणजे काटेकोर, म्हणे, आणि मनात ठेवणारी.
आणि या सगळ्याच्या आधी नाव होतंच, माल्सुन.
माल्, म्हणजे शेवट.
चौथी मुलगी झाल्यावर बापाने दाराला लावलेली कडी.
नकोशीच, जरा सभ्य भाषेत.

तुम्हाला आधीपासून बेत आखायला आवडतं का?
आवडायचं काय त्यात?
डिसेंबरात मासा टांगायचा, एप्रिलात उतरवायचा,
बेत वाऱ्याचा असतो.
आजी, हो की नाही?
हो.
अनोळखी माणसांशी बोलायला आवडतं का?
मासा विकायचा तर बोलावं लागतं.
आजी.
बरं, हो.
इतरांची सोय आधी बघायला आवडतं का?
हा एकोणिसावा. सात ठिपक्यांतला
अगदी उजवीकडचा ठिपका मी दाबला, न वाचता,
उकळत्या भांड्याखालचा गॅस बंद करावा तसा.

आवडतं का, आवडतं का, साठ वेळा.
इतक्या वेळा मला उभ्या जन्मात कुणी विचारलं नव्हतं.

अक्षरं आली. अबोल, हिशेबी, कर्तव्याला जागणारी.
समोर लसूण सोलणारी ओक्बुन एवढी हसली
की पाकळ्या फरशीभर झाल्या.
ही अबोल? सहलीच्या बसमध्ये
गांगनुंगपासून घाट चढेपर्यंत बाटलीचा माईक करून गात होती ही!
खरं आहे. गात होते.
तो जांभळा स्वेटर होता त्या दिवशी अंगात.
कुठे गेला असेल?

रात्री सोल्बी झोपल्यावर तिचा फोन घेतला
आणि दोक्सूच्या वतीने उत्तरं दिली.
जाऊन अकरा वर्षं झाली त्याला.
साठातले बावीस प्रश्न मला आलेच नाहीत.
चाळीस वर्षं एका ताटलीतून किमची खाल्ली,
आणि बावीस.
त्याच्या अक्षरांखाली लिहिलं होतं:
गर्दीतून आल्यावर या माणसाला थोडा वेळ एकटं बसावं लागतं.
बस, एवढंच होतं?
मी त्याला घुम्या म्हणायचे,
आणि तो थोडा वेळ
रोज संध्याकाळी भांडी आपटून भरून काढायचे.

एक मासा असतो, म्योंगते.
पिल्लू असला की नोगारी.
ताजा, तेव्हा सेंगते. गोठला की दोंगते.
अर्धा वाळवून चौघांना एका दोरीत ओवलं की कोदारी.
आणि आमच्या मांडवावर, रात्री गोठत, दुपारी सुटत,
पुन्हा गोठत, हिवाळाभर असाच लोंबकळून
पिवळा आणि कापसासारखा होतो, तो ह्वांगते.
एखाद्या वर्षी थंडी नीट पडत नाही, मासा काळा पडतो.
त्यालाही नाव आहे, मोक्ते. वाया जात नाही,
बिअरबरोबर लोक आवडीने खातात.
प्रत्येकाचा भाव वेगळा. पाककृती वेगळी.
गिऱ्हाईक नाव सांगतं, मी हात घालून काढून देते.
मासा कोणता, हे कुणी विचारत नाही.

सकाळी मांडवावर गेलो दोघी.
बर्फ झटकताना सोल्बी म्हणाली,
आजी, माझ्या मैत्रिणीची अक्षरं दर वर्षी बदलतात,
म्हणजे ही चाचणीच खोटी असणार.
मी एका माशाच्या पाठीवर बोट दाबून बघितलं.
अजून कडक होता.

फोन आहे का गं खिशात?
तो एकोणिसावा परत काढ.
हातमोजा दातांनी ओढून काढला मी.
डावीकडे घे. नाही, इतकं नको,
एकच ठिपका.
हां. राहू दे तिथे.